ब्रेकचा आवाज

सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली आणि इस्पितळाचं वळण जवळ आल्यावर तिने रोजच्यासारखा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पण गाडी काही मंदावली नाही. आधी तिला वाटलं, आपण पाय उचललाच नसेल. मन दुसरीकडे असलं की होतं असं. तिने मान खाली घालून बघितलं. पाय उचललेलाच होता आणि खाली ते काळं पेडल, कुणीतरी न दिसणाऱ्या टाचेने दाबून धरावं तसं, आत रुतून बसलं होतं. इंजिनाचा सूर चढायला लागला. तीस वर्षं लोकांचे कान तपासून तिला खोडच लागली होती, कुठलाही आवाज आला की त्याची पट्टी मोजायची. आताही मन आपलं मोजत राहिलं, पाचशे हर्ट्झ, साडेसातशे, हजार. समोर बस उभी होती. बसच्या मागच्या काचेतून एक बाई सफरचंद खात तिच्याकडे बघत होती, आणि ती बाई, ते सफरचंद, बाईच्या कानातला हिरवा खडा, सगळं भराभर मोठं होत होतं. तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. थरथरली, धक्के खात कण्हली, पण पुढेच ओढत राहिली. मग कुठल्या कोपऱ्यातून आठवलं कोण जाणे, तिच्या हाताने गिअरचा दांडा न्यूट्रलला ओढला, इंजिन पिसाळल्यासारखं किंचाळलं, आणि तिने किल्ली फिरवली. बसपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. बसमधल्या बाईने सफरचंदाचा पुढचा घास घेतला.

मागच्या गाडीतले एक गृहस्थ उतरून आले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली. बटण दोनदा चुकलं. "काय झालं बाई? चक्कर आली का?" "गाडी थांबत नव्हती," ती म्हणाली. "मग ब्रेक दाबायचा ना!" गृहस्थ चांगले होते, आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजावावं तसं ते बोलत होते. "घाईत होतं असं. ब्रेक समजून भलतंच दाबलं जातं. कळतही नाही आपल्याला." "मी ब्रेकच दाबला होता," ती म्हणाली, आणि शब्द तोंडाबाहेर पडल्याबरोबर तिच्या अंगातून थंड शिरशिरी गेली. कारण ते वाक्य तिचं नव्हतं. ते त्याचं होतं, तिच्या नवऱ्याचं. चौदा वर्षांपूर्वी तो ते इतक्या वेळा म्हणाला होता, पोलिसांना, विम्याच्या साहेबांना, डॉक्टरांना, शेवटी नुसतं भिंतीला, की त्या वाक्याचा चढउतार तिला पाठ होता. 'ब्रेकच' मधल्या 'च'वर तो जरा थांबायचा. आता तीही तिथेच थांबली होती. आणि समोरचे गृहस्थ मान हलवत होते, अगदी तिनेच तेव्हा हलवली होती तशी, समजूतदारपणे.

तो नकाशे काढायचा. भूमापनाच्या कचेरीत मोठ्या उतरत्या टेबलावर वाकून दिवसभर शाईने रेघा ओढायचा, आणि त्याची रेघ अशी की साहेब नव्या लोकांना बोलावून दाखवायचे. घरीही तसाच. भाजी चिरली तर सगळे तुकडे एका मापाचे. चादर घातली तर चारी कोपऱ्यांना सारखी लोंबायची. ती चिडवायची, "तुला पट्टीनेच जन्माला घातलंय का रे?" आणि तो म्हणायचा, "आणि तुला? कान आधी आले आणि मग बाकीची तू." कानवाल्या बाई, असंच तो तिला हाक मारायचा. मूलबाळ झालं नाही. पण घर ओकंबोकं कधी वाटलं नाही, कारण दोघांनाही गप्पांचा भारी सोस. अंथरुणावर पडल्यावरही कुणीतरी म्हणायचं, एकच सांगते हं, आणि मग तासभर जायचा. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटीच राहायची. शाळेत शिवण शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, मापाचा मिळाला नाही. सुट्टी लागली की ती चार दिवस राहायला यायची. त्या रविवारी सकाळी तिघंही बाहेर निघाली होती. तो खाली जाऊन गाडीत बसला. गाडीसमोर कुणीतरी झाडाची कुंडी ठेवली होती, ती बाजूला करायला बहीण पुढे गेली. आणि ती स्वतः जिन्यात होती, दाराला कुलूप लावून दुसऱ्या मजल्यावरून उतरत होती. म्हणजे तिने काहीच पाहिलं नाही. तिने फक्त ऐकलं. इंजिन सुरू झालं, क्षणभर नीट गुरगुरलं, मग एकदम चढलं, आणि मग भिंत. मधे तीन सेकंद. गाडीपासून भिंतीपर्यंत अंतर चार मीटर होतं. ते त्यानेच नंतर मोजलं, टेप लावून, तीनदा.

वन्संचं कमरेचं हाड आणि मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला. पण नंतर पायात लोखंड आणि हातात वॉकर, तो कायमचा. विम्याचे साहेब आले, त्यांनी गाडी गॅरेजमध्ये नेऊन उघडून पाहिली, यांत्रिक दोष आढळला नाही असं लिहिलं. आणि मग ते तिच्याकडे वळले. तुम्ही काय ऐकलंत? तिने खरं तेच सांगितलं. खोटं बोलायचं कारणच नव्हतं, शिवाय ऐकण्याच्या बाबतीत ती कधी चुकत नसे, साहेबांना तिचा हुद्दा कळल्यावर त्यांनी पेन सरसावून घेतलं होतं. इंजिनाचा आवाज चढला, ती म्हणाली. आणि ब्रेकचा? ब्रेकचा आवाज आला नाही. खात्री आहे? खात्री आहे. तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हातावर हात ठेवून तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. रात्री ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होतं रे असं. पाय चुकतो माणसाचा. आपल्याला वाटतं आपण ब्रेकवर आहोत. माझ्याकडे रोज लोक येतात, आवाज नसताना बटण दाबतात, आणि शपथेवर सांगतात की ऐकू आला. खोटं नसतात बोलत. शरीरच फसवतं." केवढ्या मायेने म्हणाली होती ती! आणि त्याने पाठ तिच्या हाताखालून हळूच, तिला वाईट वाटू नये इतक्या हळूच, काढून घेतली. तेव्हा तिला वाटलं होतं, झोप आली असेल.

त्याला माफी नको होती. एवढं साधं होतं ते, आणि चौदा वर्षं तिला दिसलं नाही. आता रस्त्याच्या कडेला उभी राहून गॅरेजच्या गाडीची वाट बघताना तिला दुसरंच काही आठवलं. मघाशी तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता. जिवाच्या आकांताने दाबला होता. आणि आवाज? टायर किंचाळले नव्हते, रस्त्यावर काही घासलं नव्हतं. इंजिन ओढत होतं, चाकं फिरतच होती, मग घासणार काय? नुसती इंजिनाची ती चढती पट्टी, आणि तिच्याखाली एक कण्हणं, जे गाडीत बसलेल्याला अंगाने कळावं, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कुणालाही ऐकू येऊ नये. ब्रेक दाबूनही ब्रेकचा आवाज होत नाही. हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना ती खात्री आहे म्हणाली होती.

गाडी तीच होती. पुढचं तोंड बदललं, रंग दिला, आणि गाडी घरी परत आली. तो म्हणाला विकून टाकू. ती म्हणाली, गाडीचा काय दोष? हेही तीच म्हणाली होती. त्यानंतर तो बहिणीकडे गेला, दोन महिन्यांसाठी, तिला उठता-बसता येईपर्यंत. दोनाचे चार झाले. कचेरीतून त्याने त्या गावी बदली मागून घेतली. भांडण झालं नाही, कागद झाले नाहीत, कुणी कुणाला सोडलं असं कुणाला म्हणताही आलं नसतं. सुरुवातीला तो महिन्यातून दोनदा यायचा, मग सणासुदीला, मग फोन. फोनवर तो हवेबद्दल बोलायचा. ज्या माणसाशी ती अंथरुणात तास तास बोलली, तो माणूस तिला फोनवर सांगायचा की इकडे दोन दिवस वारा आहे. आणि ती गाडी चालवत राहिली. रोज सकाळी गाडी निमूट सुरू व्हायची, निमूट थांबायची, आणि रोज सकाळी त्याच्याविरुद्ध एकेक साक्ष देऊन जायची. तिने हे कधी मनात शब्दांनी म्हटलं नव्हतं. पण गाडी नीट पार्क करून किल्ली काढताना तिला दरवेळी बारीकसं काही वाटायचं, आपलं बरोबर होतं असं, आणि त्याच्या पाठोपाठ इतकं रिकामं वाटायचं की ती दोन मिनिटं तशीच बसून राहायची.

गाडी गॅरेजला धाडून ती चालतच इस्पितळात गेली. पहिला रुग्ण एक म्हातारे वेल्डर होते. चाळीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात काढलेले, हातांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके. ते काचेच्या खोलीत कानांवर यंत्र चढवून बसले, ती बाहेर. "ऐकू आलं की बटण दाबा." तिने आवाज सोडला, ते दाबत गेले. मग तिने आवाज थांबवला, आणि ते दाबतच राहिले. तिने दार उघडलं. "काका, आता काहीच चालू नव्हतं." "शिट्टी आहे की," ते म्हणाले. "यंत्रात नाही काका." "यंत्रात नसेल. मला आहे. पाच वर्षं सांगतोय, सून म्हणते तुमच्या मनात आहे, डॉक्टर म्हणतात वयाने होतं." होतं असं. हे दोन शब्द तिच्या ओठांवर तयारच होते, रोजचे, वापरून गुळगुळीत झालेले. दिवसातून किती वेळा ती ते म्हणायची! खांद्यावर हात ठेवून म्हणायची, आणि माणूस गप्प व्हायचा, आणि तिला वाटायचं त्याचं समाधान झालं. आज ते बाहेर पडेनात. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "कशी असते शिट्टी? सांगा बघू मला." ते तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तोंडाचा चंबू करून एक बारीक सूर काढला, थांबले, डोकं हलवलं, अजून वरचा काढला. "ही. पण दुरून येते. कुणीतरी बोलावतंय आणि आपल्याला जाता येत नाही, तशी." सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसायचं सोडून ते हसायला लागले. "विचारलं नव्हतं हो कुणी," ते म्हणाले. तिने कागदावर सूर लिहून घेतला. तिचं अक्षर वाकडंतिकडं आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक साठीचा, चष्मा कपाळावर, बोलायला कंजूष. त्याने टेबलावर एक काळी लांब केबल ठेवली होती. "रेसची केबल. पेडलपासून इंजिनापर्यंत जाते. वरून रबर, आत तार." त्याने एके ठिकाणी नख लावलं. तिथे केबलला मोड पडला होता, रबर चिरलं होतं, आणि आतल्या तारेचा एक केसासारखा धागा तुटून वर आला होता. "हा मोडाच्या जागी अडकतो. अडकला की पेडल खालीच राहतं. धक्का बसला की सुटतो, मग तार आपल्या जागी. मग तुम्ही उघडून बघा नाही तर पूजा करा, काही दिसायचं नाही." तिने विचारलं, "रोज अडकतो?" "छे! रोज अडकला असता तर बरं होतं, लगेच सापडला असता. एकदा अडकेल, मग दहा वर्षं नाही अडकणार." ती केबलकडे बघत राहिली. "चौदा वर्षांपूर्वी एकदा अडकला असेल?" मेकॅनिकने चष्मा डोळ्यांवर घेतला, तिच्याकडे पाहिलं, मग केबलकडे. "ते मी कसं सांगू बाई? मी काय तिथं होतो?" मग थोड्या वेळाने, चिंधीने हात पुसत, "पण ही केबल मूळची आहे, कारखान्यातनं आलेली. बसवतानाच कुणीतरी दाबून वळवलीय. हा मोड नवा नाही. आतला गंजच सांगतो की." तिने केबल मागितली. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

फोन करावा असं तिला दहादा वाटलं. नंबर लावायची आणि कापायची. फोनवर तो म्हणाला असता, अस्सं? आणि मग हवेचं काहीतरी. हे फोनवर सांगायचं नव्हतंच. हे सांगताना त्याचा चेहरा बघायचा होता. खरं म्हणजे तिला नुसता त्याचा चेहराच बघायचा होता, हे निमित्त मिळालं होतं, आणि निमित्त मिळाल्याचा आनंद व्हावा याची तिला लाजही वाटत होती. रविवारी सकाळच्या बसने ती निघाली. चार तासांचा रस्ता. खिडकीला डोकं टेकून ती मनातल्या मनात बोलून बघत होती. तू बरोबर होतास. नको, हे परीक्षेच्या निकालासारखं वाटतं. माझं चुकलं. हे तर किती पोकळ, चहात साखर जास्त पडली तरी माणूस हेच म्हणतो. मग तिने शब्द सोडून दिले आणि त्याचे हात आठवत बसली. करंगळीच्या बाजूला कायम शाईचा डाग असायचा. रात्री तो हात तिच्या केसांत असायचा आणि सकाळी तिला वाटायचं, उशीवर निळं काही उतरलं असेल. कधी उतरलं नाही. चौदा वर्षं. या वयात माणसाला चौदा वर्षं पुन्हा मिळत नसतात.

दार त्यानेच उघडलं. केस पांढरे, चष्म्याची दोरी गळ्यात. तिला बघून तो एवढा दचकला की हसायलाच विसरला. "काय गं? बरं आहे ना सगळं?" "आहे. आत येऊ?" "अगं ये की, विचारतेस काय!" आतून वन्संचा आवाज आला, "कोण रे?" आणि मग वॉकरची ठकठक. खोलीत खिडकीपाशी त्याचं उतरतं टेबल होतं. निवृत्त झाल्यावरही तो घरी कुणाकुणाचे नकाशे काढून द्यायचा. कोपऱ्यात वन्संचं शिलाईचं यंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला फ्रॉक. दोन माणसांचं सुबक, सवयीचं घर होतं ते. पाणी झालं, चहा झाला, बसला उशीर झाला का झालं. मग तिने पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, त्याच्या टेबलावर उघडली आणि तो मोड त्याला दाखवला. बोलायला लागली तेव्हा ठरवलेलं काहीच आठवलं नाही. सिग्नलपासून सुरुवात झाली ती तशीच पुढे गेली, पेडल, बस, सफरचंद, दोन्ही पायांनी दाबलेला ब्रेक. "आणि आवाज आला नाही रे," ती म्हणाली. "ब्रेकचा आवाज येतच नाही. मी साहेबांना सांगितलं होतं ना, आला नाही, खात्री आहे. तो येतच नसतो."

तो केबलवर वाकला होता. नख फिरवून त्याने तो तुटका धागा पाहिला, नकाशातली शंकेची जागा बघावी तसा. मग म्हणाला, "तू कशाला आणलंस हे?" तिला कळेना. "म्हणजे?" "अगं, मी मान्य केलं होतं." तो शांतपणेच बोलत होता, पण टेबलाची कड त्याने घट्ट धरली होती. "पहिली दोन-तीन वर्षं रोज रात्री मी त्या गाडीत बसायचो. मनात. पाय कुठे होता, पाय कुठे होता. वेड लागायची पाळी आली. मग एक दिवस म्हटलं, ती म्हणते तेच खरं असेल. तिचे कान कधी चुकत नाहीत. पाय चुकला आपला. आणि खरं सांगू, त्या दिवशी मला झोप लागली. चूक माझी, तर तायडीचं करायला मी इथे आहे, हिशोब सरळ. आता ही वायर घेऊन तू येतेस. आता मी काय करू? कुणावर रागावू? तुझ्यावर?" "रागाव की," ती म्हणाली. "रागाव ना माझ्यावर. तेवढं तरी कर." चष्मा काढून त्याने सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. तिच्या मनात आलं, आपण याच्याकडून हेही काढून घेतलं. आधी याचं खरं काढून घेतलं, आणि आता, ज्या खोट्यावर बिचारा निजत होता, तेही.

"धक्के खात आली का गं गाडी?" वन्संनी विचारलं. त्या यंत्रापाशी बसल्या होत्या. दोघांनाही वाटलं होतं त्यांचं लक्ष फ्रॉककडे आहे. ती वळली. "म्हणजे?" "तुझी. बसच्या दिशेने. सरळ आली की धक्के खात?" "धक्के खात. थरथरत. ब्रेक होता ना दाबलेला." वन्संनी दोरा दातांनी तोडला. "तशीच आली होती माझ्या अंगावर. वेसण ओढली तरी बैल पुढे रेटतो ना, तशी. थांबायची, उसळायची, थांबायची. म्हणून तर मी अर्धी वळू शकले, नाहीतर मी कुठली राहते! ब्रेक कुणी दाबलाच नसता तर ती धक्के कशाला खाईल?" तो हळूच म्हणाला, "तायडे, हे तू कधी सांगितलं नाहीस." "सांगितलं नाही? शुद्धीवर आल्या आल्या म्हटलं, याने ब्रेक दाबला होता. तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली. बहिणीची माया! साहेबाने विचारलं, किती लांब होतात, किती वेगाने आली. कशी आली, असं कोण विचारतंय? आणि तू विचारलंस? तू तर माझ्याकडे डोळे वर करून बघेनास. मला वाटलं, याला त्याबद्दल बोलायचं नाही. मी आपली गप्प." मग त्या तिच्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला. "तुझा राग आला होता मला. खोटं कशाला बोलू? पण तुला सांगून काय उपयोग, तुला तर सगळं ऐकू आलेलं."

तिने मान खाली घातली. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ त्यांच्याकडे करून, आणि त्याचे खांदे एकदा वर जाऊन खाली आले. तो रडला की नाही, ते तिला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. या वेळी तिने ठरवलं, ऐकू आलं नाही म्हणून काही समजायचं नाही. बऱ्याच वेळाने वन्सं म्हणाल्या, "पोटात काही घालणार आहात का दोघं, की वायरच वाढू?" आणि तो हसला. इतक्या वर्षांनी ते हसणं ऐकून तिला एवढं भरून आलं की ती ताटं घ्यायच्या निमित्ताने आत गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली.

चारच्या बसने ती निघाली. राहा असं वन्सं म्हणाल्या. तो काही म्हणाला नाही, आणि तो म्हणत नाही म्हणून तिला राहता येईना. तो स्टँडवर सोडायला आला. वाटभर दोघंही चालण्याकडे लक्ष देऊन चालत होती. विचारावंसं वाटत होतं, येशील का? चार शब्दही नव्हते ते, पण तो अधिकार तिने कधीच गमावला होता असं तिला वाटत होतं. बस लागलेली होती. पिशवी वर ठेवून देतो म्हणून तो आत चढला, पिशवी ठेवली, आणि सुटायला वेळ आहे म्हणून शेजारच्या सीटवर टेकला. कंडक्टर आला. "किती?" "एक," ती म्हणाली. बस सुरू झाली. तो उठला नाही. "हे उतरणारेत," ती घाईघाईने कंडक्टरला म्हणाली. "पुढच्या थांब्यावर उतरतो," तो म्हणाला, आणि कंडक्टरने खांदे उडवून त्याला पुढच्या थांब्याचं तिकीट दिलं.

गाव मागे पडलं. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. मग त्याने सुरुवात केली, त्या रविवारबद्दल, चौदा वर्षांत कुणालाच न सांगितलेलं. किल्ली फिरवली तेव्हा आरशात जिन्याचं दार दिसत होतं, म्हणाला. तू उतरतेस का ते बघत होतो. मग आवाज चढला. तो बोलत होता आणि ती फक्त, मग? एवढंच म्हणत होती. पुढचा थांबा आला. दार उघडलं, दोन माणसं उतरली, एक बाई चढली. कंडक्टरने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. "उतरायचं ना काका?" "पुढच्याला," तो म्हणाला, खिशातून पैसे काढून तिकिटासाठी पुढे केले, आणि पुन्हा तिच्याकडे वळला. "हां, तर पाय माझा ब्रेकवर होता." "हो," ती म्हणाली. "मग?"